दोन, पण हिशेबात एकच

पंचवटीत कुणाला जुळे मुलगे झाले की बघायला येणारी प्रत्येक मावशी नावं लव-कुश सुचवते आणि दुपटं मात्र एकच आणते. त्या दोघांना वाढवताना सीतेच्या हाताशी वाल्मीकींचा अख्खा आश्रम होता, हे कुणी काढत नाही. इथे आजीचे गुडघे आणि बाबाची सातपूरला रात्रपाळी.

सरकार तर मावशीच्याही पुढचं. राज्याच्या 2005 च्या लहान कुटुंबाच्या नियमांत, पहिल्या मुलानंतरच्या एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली तरी ती एकच धरतात. 2017 मध्ये कायद्याने प्रसूती रजा 26 आठवडे केली. जुळ्यांसाठी वर एक दिवसही नाही.

हे गणित पहाटे तीनला या दोघांना कुणीतरी समजावून सांगावं. एकाने ढेकर देऊन डोळे मिटले की दुसरा भोंगा लावतो, मग पहिलाही जागा. तीट कुणाच्या उजव्या गालावर, कुणाच्या डाव्या, त्यावरून व्हिटॅमिन डीचे थेंब कुणाला दिले ते कळतं. आणि आजी आंघोळीत दोन्ही तिटा पुसून टाकते.

वर शेजारच्या काकू म्हणतात, ‘बरं झालं, एकदमच उरकलं!’

बाळंतपण उरकलं, काकू.