मामाचं आयर्लंड

भाची एका सत्रासाठी आयर्लंडला गेली, त्याचा सगळ्यात जास्त फायदा मला झाला. तिला मिळायचे ते क्रेडिट्स मिळतील. मला नागपूरच्या बर्डीत जे मिळालं त्याला तोड नाही. इतकी वर्षं मी 'झेरॉक्सवाले काका' होतो. ऑगस्टपासून 'आयर्लंडवाले' झालो. ही बढती माझी मीच घेतली, हा भाग वेगळा. फुलस्केप मोजता मोजता "तिकडे कॉर्कला म्हणे कागद फार महाग" एवढं पुटपुटलं की पुढचं काम गिऱ्हाईक करतं.

शेजारचा पानवाला मात्र चिवट.

"कोनत्या कंपनीत लागली?"

"कंपनी नाही रे, शिकायला गेली. कॉर्कच्या विद्यापीठात."

"काय शिकाले?"

"आयरिश संस्कृती आणि निसर्ग."

पानावर कात फिरवणारा त्याचा हात थांबला. "म्हणजे आयर्लंडात जाऊन आयर्लंडच शिकते? मंग आमी जलमभर बर्डीत बसून बर्डी शिकून राहिलो, आमाले काहून सर्टिफिकेट देत नाही जी कोनी?"

याला उत्तर नव्हतं, म्हणून मी विषय पंतप्रधानांवर नेला. "तिथला पंतप्रधान आपला माणूस होता, माहीत आहे? लिओ वराडकर. 2017 साली, 38व्या वर्षी झाला."

"वराडकर? म्हंजे वऱ्हाडाकडलाच असन."

वराड हे मालवण तालुक्यातलं गाव. त्याच्या डॉक्टर वडिलांचं मूळ तिथलं, आणि पंतप्रधान असताना 2019च्या अखेरीस तो त्या गावी येऊनही गेला. हे सगळं मला पाठ होतं. पण त्या 'असन'मध्ये इतकी माया होती की मध्येच कोकण आणणं माझ्या जिवावर आलं. आठवडाभरात बर्डीत तो अकोल्याचा झाला, आणि एकानं तर त्याच्या मामेभावाला ओळखत असल्याचं मला माझ्याच काउंटरवर ऐकवलं.

जाण्याआधीच्या खरेदीतही मी पुढे होतो. बर्डी मेन रोडवर रेनकोट निवडताना दुकानदाराला बजावलं, "आयर्लंडचा पाऊस आहे." तो म्हणाला, "बिनधास्त न्या, मेळघाटातही चालते." वास्तविक कॉर्कचा पाऊस वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास, आपला नागपूरचा हजार-अकराशे. आपण तो चार महिन्यांत उधळून टाकतो, ते लोक तोच बारा महिने पुरवून वापरतात. एवढाच काय तो संस्कृतीतला फरक, असं मी भाचीला म्हणालो. तिनं वहीत लिहून घेतलं नाही.

पाऊस निघालाच आहे तर बूलबद्दल सांगितलंच पाहिजे. घरच्यांनी हे ऐकलेलं आहे. तुमची सुटका नाही. जॉर्ज बूल हा चांभाराचा मुलगा. विद्यापीठाची पदवी नाही, स्वतःच्या हिमतीवर गणित शिकला आणि 1849 साली कॉर्कच्या नव्या कॉलेजात गणिताचा पहिला प्राध्यापक झाला. तेच आज भाचीचं विद्यापीठ. खरं-खोटं, हो-नाही यांचं त्यानं बीजगणित केलं. आज तुमच्या मोबाइलमध्ये जे शून्य-एक, शून्य-एक चाललेलं असतं त्याच्या मुळाशी हा माणूस आहे. आता त्याची बायको. मेरी एव्हरेस्ट. ज्याचं नाव शिखराला दिलं त्या जॉर्ज एव्हरेस्टची सख्खी पुतणी! आणि हा एव्हरेस्ट मोठा कसा झाला? तर मद्रासपासून साखळ्या टाकत भारत मोजणारा त्याचा साहेब लॅम्बटन 1823 साली मोजणीचं बस्तान नागपूरला हलवताना वाटेत वारला, म्हणून. कुठे वारला? हिंगणघाटला! कबर आहे तिथे, मी पाहून आलो आहे. म्हणजे लॅम्बटन हिंगणघाट ओलांडून सुखरूप बर्डीला पोचला असता, तर एव्हरेस्ट कदाचित खालच्या हुद्द्यावरच राहिला असता आणि शिखराला भलतंच नाव पडलं असतं. त्याच मोजणीची खूण म्हणून आपला झिरो माइलचा खांब उभा आहे, चार घोड्यांसकट. शून्य-एकाच्या गणितातलं शून्य असं आमच्याकडे आहे. कॉर्कवाल्यांचा तो फक्त एक.

भाची म्हणाली, "मामा, मी लोकसाहित्य घेतलंय."

पण बूल मेला कसा, ते राहिलंच. 1864च्या नोव्हेंबरात घरून कॉलेजला तीनेक मैल पावसात चालत गेला, ओल्या कपड्यांतच शिकवलं आणि निमोनियानं आडवा झाला. ज्यानं दुखणं आलं त्यानंच ते जातं, असा मेरीबाईंचा विश्वास. त्यांनी म्हणे त्याला ओल्या चादरींत गुंडाळलं. डिसेंबरात तो गेला. आता सांगा, मी रेनकोटसाठी चार दुकानं हिंडलो ते उगीच?

तिकडून फोन येऊ लागले. घड्याळ साडेचार तास मागे, त्यामुळे तिचं जेवण आटोपेपर्यंत मी पेंगत असे. तरी स्पीकर लावून, दाराजवळ बसून मोठ्यानं बोलत असे. मोहरच्या समुद्रकड्यांवरून तिनं व्हिडिओ केला. दोनशे मीटर सरळ खाली, पण वाऱ्यानं आवाज खाल्ला. बरेनचा चुनखडीचा माळ दाखवला; त्याच्या भेगाभेगांत फुलं येतात म्हणाली. हर्लिंगची मॅच पाहिली. मी प्रत्येक वेळी बूलच्या घरी गेलीस का विचारत होतो.

मग एकदा ती स्किबरीनहून परतल्यावर बोलली. कॉर्कच्या पश्चिमेचं गाव. 1845 साली बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या सातएक वर्षांत देशातली दहा लाख माणसं गेली. धान्याची जहाजं मात्र बाहेर जातच होती. स्किबरीनच्या दफनभूमीत एका हिरव्या तुकड्याखाली आठ ते दहा हजार माणसं आहेत, कुणाच्या नावाचा दगड नाही. पोरांना तिथे नेऊन नुसतं उभं केलं, म्हणाली. नंतर म्हणाली, "मामा, आपल्या पुलाला गोवारी नाव का आहे रे?"

आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. मी त्याच्या खालून रोज जातो. 23 नोव्हेंबर 1994, हिवाळी अधिवेशन. गोवारी समाजाचा मोर्चा, लाठीमार, चेंगराचेंगरी. 114 माणसं गेली, त्यांत बाया आणि लेकरंच जास्त. तिच्या जन्माआधीची गोष्ट. त्या संध्याकाळी मी दुकानाचं शटर ओढून आडवाटेनं घर गाठलं होतं. त्यांचं स्मारक कुठे आहे? झिरो माइलजवळ. पाहुणा आला की मी त्याला घोडे दाखवतो, खांब दाखवतो, लॅम्बटन सांगतो आणि तर्री-पोहे खायला घेऊन जातो. हिंगणघाटची गोऱ्या साहेबाची कबर शोधायला मी भर मे महिन्यात गेलो. हे स्मारक माझ्या दुकानापासून चालत जाण्यासारखं. आणि मीच कशाला, अख्ख्या बर्डीला त्या पुलाखाली गाडी लावायला जागा आहे का, एवढंच विचारायचं असतं. चीड येते ती याची की पोरीला हा प्रश्न पडायला आयर्लंडला जावं लागलं. इथल्या एकाही वर्गानं तिला त्या रस्त्यावर दोन मिनिटं उभं केलं नाही. मामानंही नाही.

मी म्हटलं, "सांगतो, सावकाश सांगतो." ती म्हणाली, आत्ताच सांग, गृहपाठ आहे. 1937 ते 39 या काळात तिकडे 5,000 शाळांतल्या 50,000 पोरांना घरातल्या म्हाताऱ्यांकडून जुन्या गोष्टी उतरवून आणायला लावलं होतं. वह्याच वह्या! माझ्यातला दुकानदार क्षणभर गलबलला. तीच रीत म्हणून यांनाही आपापल्या घरचं एक म्हातारं माणूस बोलतं करायचं होतं. 'म्हातारं' हा शब्द मी सोडून दिला.

मुलाखत नुसत्या आवाजाची होती, तरी मी इस्त्रीचा शर्ट घातला. दिवसाउजेडी, दुकानातच बसलो. घसा खाकरून सुरुवात केली, "सन 1823, हिंगणघाट मुक्कामी..."

"मामा, ते नको. त्या संध्याकाळचं."

मग सांगितलं. आडवाटेनं घरी गेलो तेही सांगितलं. ती मध्ये बोलली नाही. कॉर्कला पाऊस पडत असावा, मागे आवाज येत होता. इकडे एक पोरगा आधार कार्ड पुढे करून उभा. मी हातानंच थांब म्हटलं. तो थांबला, पुन्हा थांबला, शेवटी म्हणाला, "काका, दोन रुपयांची तं झेरॉक्स आहे."

मी फोनवर हात ठेवला आणि पानवाल्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "दिसत नाही का? आयर्लंडात रेकॉर्डिंग चालू आहे!"