सॉकर स्कॉलरशिप हमखास मिळवा! (पालकांसाठी, मूल खेळत असल्यास उत्तम)

प्रस्तुत मार्गदर्शन अमेरिकेतल्या अशा मराठी आईबापांसाठी आहे, ज्यांचं मूल हायस्कूलमध्ये सॉकर खेळतं आणि ज्यांना एखाद्या पॉटलकमध्ये कुणीतरी बटाटेवडा खाता खाता सांगितलंय, की "अहो, पोरगी खेळात आहे ना? मग कॉलेज फुकट!" सांगणाऱ्याचं स्वतःचं मूल व्हायोलिन वाजवतं, हे इथेच ध्यानात घ्यावं. मुलाच्या अंगी खेळ असणं उपयोगी आहे, पण सक्तीचं नाही. मोठी डिकी असलेली गाडी, कायमचे गहाण टाकलेले शनिवार-रविवार आणि ऑफसाइड म्हणजे काय हे ठाऊक नसतानाही रेफरीवर मनापासून संतापता येणं, एवढी पात्रता पुरे.

सुरुवात गणितापासून करावी, कारण पुढे कुणीही ते तुमच्यासमोर मांडणार नाही. क्लबवाले तर नाहीच नाही.

अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या बड्या संघांत एक खेळाडू म्हणजे एक पुरी शिष्यवृत्ती, असा हिशेब वर्षानुवर्षं चालला. सॉकर त्या पंक्तीला कधीच नव्हता. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांवर राज्य करणारी संस्था. तिच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यांत वरच्या फळीत, मुलग्यांच्या संघाला २०२४-२५ पर्यंत जास्तीत जास्त ९.९ शिष्यवृत्त्या देता येत. नऊ पूर्णांक नऊ दशांश. दहा का नाहीत, हे विचारू नये. प्रशिक्षकाने त्यांचे तुकडे पाडायचे आणि संघात वाटायचे. ज्यांच्या घरी वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या झाल्या आहेत त्यांना ही पद्धत चटकन कळेल : सातबाऱ्यावर नावं अठ्ठावीस, जमीन दहा गुंठ्यांनाही थोडी कमी, आणि विहिरीलगतचा तुकडा गोलकीपरच्या नावावर.

आता भागाकार करा. संघात २८ जण धरले तर ९.९ भागिले २८, म्हणजे माणशी साधारण ३५ टक्के. महाराष्ट्र बोर्डातून आलेल्यांना वेगळं सांगायला नको : काठावर पास. मुलींच्या संघाला मर्यादा १४ ची होती, म्हणजे ५० टक्के, सेकंड क्लास. आणि ही झाली कमाल मर्यादा. तेवढाही पैसा नसलेली कॉलेजं ढिगाने होती. काही खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च ९०,००० डॉलरच्या घरात गेलाय, त्यातले काठावर पास वजा केले तरी उरलेल्या रकमेला तुमच्या गावी बंगला उभा राहतो.

इथे एखादा जाणकार बाप हात वर करील, की अहो, ती मर्यादा गेली! बरोबर आहे. जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टाने एनसीएएविरुद्धच्या हाउस खटल्यातला समझोता मंजूर केला. त्यात सामील झालेल्या कॉलेजांना शिष्यवृत्त्यांवर बंधन उरलं नाही. बंधन आलं ते संघातल्या डोक्यांवर, आणि सॉकरसाठी तो आकडा २८. म्हणजे नियमाने बघितलं तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खेळाडूंना पुरी शिष्यवृत्ती देता येते. देता येते आणि देतात यांत जेवढं अंतर असतं, तेवढंच इथेही आहे. त्याच समझोत्याने कॉलेजला पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंना वाटायची मुभा दिली, आणि त्यातला सिंहाचा वाटा कुठे जाणार हे स्टेडियमकडे बघून कळतं. ज्या खेळाच्या सामन्याला लाखभर माणसं येतात त्याच्या वाट्याला पंचपक्वान्नं. सॉकरला काय, तर पानात मीठ वाढलेलं आहे. शिवाय संघ २८ वर थांबल्याने, शिष्यवृत्तीविना का होईना पण बाकावर बसायला मिळायचं, तीही सोय आटली.

असो. गणित समजलं की ते विसरावं. त्याशिवाय पुढची पायरी, म्हणजे क्लबची फी, भरवत नाही.

हायस्कूलच्या संघात खेळणं मुलांना अतिशय प्रिय असतं. मित्र असतात, शाळेची जर्सी असते, स्थानिक वर्तमानपत्रात नाव येतं. म्हणूनच शिष्यवृत्तीच्या कामी ते फारसं उपयोगाचं नाही. कॉलेजचा मोसम ऑगस्ट ते नोव्हेंबर. न्यू जर्सीसारख्या राज्यांत हायस्कूलचाही तोच. कॉलेजचा प्रशिक्षक तेव्हा स्वतःचे सामने हरण्यात गुंतलेला असतो, तुमच्या पोरीचे बघायला कुठून येणार? तो जातो क्लबांच्या शोकेस स्पर्धांना. एका मैदानसंकुलात शे-दोनशे संघ, म्हणजे त्याला एका फेरीत सगळा बाजार करता येतो. यासाठी मूल योग्य लीगमध्ये हवं. ईसीएनएल, एमएलएस नेक्स्ट, गर्ल्स अकॅडमी ही नावं पाठ करावीत. फोड करून विचारू नये. फी वर्षाला काही हजार डॉलर. प्रवास वेगळा. हॉटेल वेगळं, आणि तेही बऱ्याचदा स्पर्धेच्या आयोजकांनी ठरवून दिलेलंच घ्यावं लागतं. तुमचे पॉइंट्स दुसऱ्या हॉटेलात पडून असले तर ते पडूच द्यावेत.

शोकेसच्या दिवशी सकाळी साडेसातला मैदानावर हजर असावं. गवतावर दहिवर, खुर्चीच्या घडीत मागच्या आठवड्याचा चिखल, थर्मासमधला चहा आल्याचा. समोरच्या बाजूला घडीच्याच खुर्च्यांवर कॉलेजचे प्रशिक्षक बसलेले दिसतील. छातीवर कॉलेजचं बोधचिन्ह, मांडीवर खेळाडूंची यादी, चेहऱ्यावर काहीही नाही. त्यांच्याशी बोलायला जाऊ नये. तुम्ही बोललात की मुलीच्या नावापुढे काय टिपलं जाईल ते सांगता येत नाही. ओरडायचंच असेल तर मराठीत ओरडावं. "अगं पास दे की तिला, काय घरी नेणारेस का बॉल!" हे रेफरीला कळत नाही, प्रशिक्षकाला कळत नाही, आणि मुलगी कळून न कळल्यासारखं करते. पुण्याहून आलेल्या आजी सोबत असतील तर त्यांना आधी समजावून ठेवावं, की ते प्रशिक्षक चाळीस मिनिटं बसून मधेच उठून गेले तर तो अपमान नसतो. आजी तरीही म्हणतीलच, "चहा तरी विचारायचा होतास रे त्यांना."

यानंतर पत्रव्यवहार. प्रशिक्षकांना ईमेल मुलीने स्वतः लिहावी असा संकेत आहे. पंधरा वर्षांच्या मुलीने "मी आपल्या बहुमोल प्रतिसादाची नम्रपणे प्रतीक्षा करीत आहे" असं लिहिलं, की पलीकडे तत्काळ ओळखतात की बाप इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीत आहे. सोबत व्हिडिओ जोडावा, तीन-चार मिनिटांचा. आपली मुलगी कोणती हे बाण किंवा वर्तुळ काढून दाखवावं, कारण वरून बघितलं तर सगळ्यांच्याच वेण्या सारख्या. पार्श्वसंगीताला ढोलताशा नको. गोल पहिल्या वीस सेकंदांत आले पाहिजेत. पुढचं फक्त तुम्ही बघणार आहात.

मग उत्तरं येऊ लागतात. मोठ्या कॉलेजचं पत्र : "आम्ही तुझ्या प्रगतीवर लक्ष ठेवून आहोत, आमच्या आयडी कॅम्पला अवश्य ये." घरात शिरा होतो. पण एनसीएएचा नियमच असा, की कॅम्प सर्वांना खुला हवा. तेव्हा हे पत्र शेकडो घरी गेलेलं असतं आणि त्या सगळ्या घरी तेवढाच आनंद झालेला असतो. कॅम्पच्या फीतून बऱ्याच ठिकाणी सहायक प्रशिक्षकांच्या कमाईला हातभार लागतो. खरी गोष्ट कळते दहावीचं वर्ष संपल्यावरच्या १५ जूनला. त्या दिवसापासून डिव्हिजन वनच्या प्रशिक्षकांना मुलांशी थेट बोलायची परवानगी असते. ज्या मुली खरोखरच हव्या असतात त्यांचा फोन मध्यरात्रीपासून वाजायला लागतो. बाकीच्यांच्या घरी बाप फोन चार्जिंगला लागलाय ना हे पुन्हा पुन्हा तपासतो. दहावी, जून महिना आणि पोटातला गोळा यांचं नातं समुद्र ओलांडूनही सुटलेलं नाही.

मुलगा की मुलगी, यावर बरंच अवलंबून आहे. १९७२ साली अमेरिकेने टायटल नाइन कायदा केला : सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलामुलींत भेद चालणार नाही. अमेरिकन फुटबॉलच्या अवाढव्य संघांना तोल म्हणून कॉलेजांना मुलींचे संघ उभारावे लागले आणि त्यात सॉकर सोयीचा पडला, एका संघात पंचवीस-तीस जणी मावतात. आज डिव्हिजन वनमध्ये मुलींचे संघ ३०० हून जास्त आहेत, मुलग्यांचे २०० च्या आसपास. पहिली बेटी धनाची पेटी, यावर वॉशिंग्टनमध्ये रीतसर शिक्कामोर्तब झालं ते असं. मुलग्यांची गोष्ट निराळी. तुमच्या सतरा वर्षांच्या चिरंजीवांची स्पर्धा शेजारच्या गावातल्या मुलाशी नसून जर्मनीतल्या किंवा नॉर्वेतल्या व्यावसायिक क्लबच्या अकॅडमीत वाढलेल्या, दाट दाढी असलेल्या एकवीस वर्षांच्या गृहस्थाशी आहे. खेळाची शिष्यवृत्ती द्यायला नागरिकत्व लागत नाही. एच-फोर व्हिसावरच्या मराठी मुलाला, ज्याला सरकारी मदत मिळत नाही, त्याला हा नियम फार उदार वाटतो. फक्त तो नॉर्वेकरालाही लागू आहे.

झटपट मार्गाविषयी पुष्कळ पालक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून तेही सांगून टाकतो. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत प्रवेश-घोटाळा उघडकीला आला. रिक सिंगर नावाचा सल्लागार श्रीमंतांची मुलं खोटे खेळाडू बनवून कॉलेजांत घुसवत असे. येल विद्यापीठाच्या महिला सॉकर संघाचे माजी प्रशिक्षक रूडी मेरेडिथ यांनी त्याच्याकडून लाच घेतल्याचं कबूल केलं. एका प्रकरणात, स्पर्धात्मक सॉकर न खेळणारी मुलगी कागदोपत्री दक्षिण कॅलिफोर्नियातल्या नामांकित क्लबची सहकर्णधार झाली आणि कुटुंबाने त्यापायी एकंदर १२ लाख डॉलर मोजले. लक्षात घ्या, येल हे आयव्ही लीगमधलं. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसतेच. म्हणजे १२ लाख देऊन वर पुरी फी. त्या मानाने तुम्ही खरी खेळाडू किती स्वस्तात तयार केलीत, हे बायकोला किंवा नवऱ्याला अवश्य पटवून द्यावं.

आयव्ही लीगचं निघालंच आहे, तर डिव्हिजन थ्रीचंही सांगायला हवं. तिथेही खेळासाठी एक डॉलर मिळत नाही. पण त्या यादीत एमआयटी आहे, शिकागो विद्यापीठ आहे, एमरी आहे, विल्यम्स आणि अ‍ॅमर्स्ट आहेत. ही नावं ऐकल्यावर मराठी बापाचा सॉकरमधला रस अचानक शुद्ध, निरपेक्ष आणि आध्यात्मिक होतो. तिथला प्रशिक्षक बऱ्याच ठिकाणी मुलीचे गुण आधीच प्रवेश-कचेरीकडे पाठवून अंदाज घेतो, आणि गुण चांगले असतील तर त्याच्या शब्दाला वजन असतं. एमआयटीत मात्र त्या शब्दावर कुणी विसंबू नये. डिव्हिजन वनला पात्र ठरायला एनसीएए १६ मुख्य विषय आणि ४ पैकी २.३ सरासरी मागते. हा २.३ चा आकडा घरात मोठ्याने वाचू नये, मुलं ऐकतात.

खरा पैसा सापडतो तो या वळणावर. आयव्ही आणि एमआयटीसारखी मोजकी ठिकाणं सोडली तर पुष्कळ कॉलेजं हुशारीसाठी जी शिष्यवृत्ती देतात, ती प्रशिक्षकाच्या तुकड्यापेक्षा खूपदा मोठी असते. चार वर्षं कॉर्नर किक मारून जे मिळालं नसतं ते बीजगणिताच्या एका वहीतून निघतं. हे क्लबच्या माहितीपत्रकात छापत नाहीत. आणि मला विचाराल तर, पोरगी मजेत खेळत असेल तर क्लबची फी ही मजेची फी म्हणून द्यावी, गुंतवणूक म्हणून देऊ नये. पण हे वाक्य मार्गदर्शनाच्या चौकटीत बसत नाही, तेव्हा ते वगळून वाचावं.

अखेर कॉलेज ठरतं. शाळेच्या जिममध्ये टेबल मांडून, कॉलेजची टोपी घालून सही करण्याचा समारंभ होतो. ज्याच्यावर सही व्हायची ते नॅशनल लेटर ऑफ इंटेंट एनसीएएने ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद केलं, तरी टेबल आणि टोपी शाबूत आहेत. डिव्हिजन थ्रीसाठी तर एनसीएएने खास समारंभापुरता अर्ज काढला आहे, ज्यावरची सही कुणालाही कशालाही बांधत नाही. तोही फ्रेम करून घ्यावा. वाटणीने आलेल्या रकमेतला राहण्याजेवणाचा भाग करपात्र असतो, फी आणि पुस्तकांचा नसतो. हे सीएला त्याच दिवशी कळवावं, पुढच्या एप्रिलमध्ये नव्हे.

आणि मग फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावा. पहिला प्रतिसाद येईल कोल्हापूरच्या मामांचा. मामांनी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असले फुटबॉलचे सामने उन्हातान्हात उभं राहून बघितलेले आहेत, त्यामुळे खेळाबद्दल त्यांना शंका नाही. ते एवढंच विचारतील, "लई भारी! किती टक्के?" २५ असं खरं सांगितलंत तर मामा म्हणतील, "मग नापास झाली की." तेव्हा टक्के लिहूच नयेत. बाकीची रक्कम गुणांवर मिळालेली असल्याने, एका शब्दाचंही खोटं न बोलता, उत्तर द्यावं : "मेरिटमध्ये आली, मामा."