अवास्तव कीर्तीचा पंचनामा

ज्या गावातील नळाला दिवसाआड पाणी येते, परंतु ज्या गावातील वाचनालयाला शंभर वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे, अशा कोणत्याही मराठी गावी महिन्याच्या अखेरच्या रविवारी सायंकाळी गेल्यास, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, दिवंगत अध्यक्षांच्या तैलचित्रांखाली, दहापाच सुशिक्षित गृहस्थ आणि तीनचार स्त्रिया पुस्तकांवरून हमरीतुमरीवर आलेल्या आढळतील. आणि त्या दिवशीचा विषय ‘अवास्तव डोक्यावर घेतलेल्या कादंबऱ्या’ हा असेल, तर खालच्या मजल्यावरील ग्रंथपालाने देवघेवीची खिडकी नेहमीपेक्षा अर्धा तास आधीच लोटून घेतलेली दिसेल. पुस्तक विकत घेताना चार वेळा खिसा चाचपणारा मराठी माणूस पुस्तकाविषयीचे मत देताना मात्र कर्णाचा अवतार होतो. मागणाऱ्याने हात पुढे करण्यापूर्वीच ते त्याच्या पदरात पडलेले असते, आणि ते पुस्तक आपण वाचले आहे की नाही, या क्षुल्लक तपशिलाने दात्याच्या औदार्याला यत्किंचितही बाध येत नाही.

या परंपरेचे घराणे मोठे आहे. मराठी कादंबरीचा जन्म बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’ने १८५७ साली झाला असे मानले जाते, तिची पाळेमुळे रुजतात न रुजतात तोच तिच्या चारित्र्याच्या चौकशीला आरंभ झाला, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत ना. सी. फडके व वि. स. खांडेकर यांच्या नावाने ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ अशी दोन निशाणे उभी राहून साक्षर महाराष्ट्र या किंवा त्या छावणीत दाखल झाला. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद फडक्यांकडे गेले, लगेच पुढल्या वर्षी सोलापूरचे खांडेकरांकडे आले, आणि ज्यांच्या अनुयायांतून विस्तव जात नसे ते हे दोन्ही सेनापती त्या काळी बिऱ्हाड करून होते ते एकाच कोल्हापुरात. आज फडक्यांच्या कादंबऱ्या पाहावयाच्या असल्यास जिन्याखालचे कपाट उघडावे लागते आणि उघडण्यापूर्वी नाकाला रुमाल लावावा लागतो. त्यांच्याविरुद्ध कोणी फैसला दिला, असे नव्हे. त्या नुसत्याच दप्तरदाखल झाल्या.

आमच्या परिचयाच्या एका वाचकमंडळाचे अध्यक्ष निवृत्त मामलेदार आहेत. तीस वर्षे जमाबंदीच्या कामात घालविल्यामुळे त्यांना प्रत्येक वस्तूची आकारणी करण्याची सवय जडली आहे, आणि सभेचे काम ते इजलासासारखे चालवितात : प्रथम फिर्याद, मग जबाब, मग साक्षीदार, आणि फैसला पुढील तारखेला. परवाच्या बैठकीत पहिल्याने ‘ययाति’चा पुकारा झाला. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९७४ साली मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या या कादंबरीवर आरोप असा, की तिच्यातील पात्रे बोलत नाहीत, सुभाषिते सांगतात. बचावाच्या बाजूने एक निवृत्त मुख्याध्यापक उभे राहिले. विद्यार्थिदशेत आपण या कादंबरीतील वाक्ये एका वहीत उतरवून घेतली होती, ती प्रथम प्रेमपत्रांत, त्यानंतर निरोपसमारंभांच्या भाषणांत, आणि अलीकडे श्रद्धांजलीच्या लेखांत उपयोगी पडत आली आहेत. एकाच भांडवलावर इतकी वर्षे व्याज देणारे दुसरे पुस्तक कोणी दाखवून द्यावे, असे आव्हान त्यांनी दिले. हा युक्तिवाद कायद्यात कितपत बसतो हे न कळल्याने मामलेदारसाहेबांनी प्रकरण तहकूब ठेवले. प्रेमपत्रांचा निकाल काय लागला, हे विचारण्याचे धाडस कोणी केले नाही.

खरी खडाजंगी झाली ती ‘मृत्युंजय’ आणि ‘कोसला’ यांच्या जोडखटल्यात. महाराष्ट्रातील पुस्तकप्रेमी माणसाची जात ओळखण्यास या दोन पुस्तकांइतके सोयीचे साधन नाही : एकाने ‘मृत्युंजय’चे नाव काढताच दुसऱ्याच्या ओठाच्या कोपऱ्यात जे स्मित उमटते त्यावरून तो ‘कोसला’वाला असल्याचे कळते, आणि ‘कोसला’चे नाव निघताच जो आवंढा गिळून ‘आम्हांला काही ते समजले नाही बुवा’ असे नम्रपणाच्या आविर्भावात सांगतो, तो मनातून लेखकालाच काही समजले नसल्याचे सुचवीत असतो. वस्तुस्थिती पाहता हे भांडण साठी उलटलेल्या गृहस्थांनी दोन पोरांच्या पुस्तकांवरून चालविलेले आहे. १९६३ साली ‘कोसला’ प्रसिद्ध झाली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते, आणि १९६७ साली ‘मृत्युंजय’ आली तेव्हा शिवाजी सावंतांनी तिशीसुद्धा गाठलेली नव्हती. एकाने पुण्यात शिकावयास येऊन, बापाचे पैसे उडवून, हात हलवीत गावी परतणारा पांडुरंग सांगवीकर उभा केला. दुसऱ्याने कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडून एका सूतपुत्राची कैफियत मांडली. त्याच १९६७ साली इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ही प्रसिद्ध झाले व त्यात याच कर्णाची तपासणी थंड डोक्याने, अश्रूंना मज्जाव करून, झाली होती, साहित्य अकादमीने पुरस्कार ‘युगान्त’ला दिला, आणि वाचकांनी डोळे पुसले ते ‘मृत्युंजय’ वाचून. एकाच आरोपीची एकाच वर्षी दोन न्यायालयांत सुनावणी होऊन दोन भिन्न निकाल लागावेत आणि दोन्ही कायम व्हावेत, असा प्रकार वाङ्मयाच्या मुलखातच घडू शकतो.

“ती कादंबरी नव्हे, तो गहिवराचा कारखाना आहे,” एक प्राध्यापक म्हणाले.

“सर, तुम्ही ‘मृत्युंजय’ शेवटपर्यंत वाचलीत?” कोपऱ्यातून एका बाईंनी विचारले. या बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या असून बदलावयाचे पुस्तक मांडीवर घेऊन बैठक संपण्याची वाट पाहत बसतात.

“बाई, शितावरून भाताची परीक्षा होते.”

“होते की. पण शीत तोंडात घालावं लागतं, सर.”

“मी तिच्यावर परीक्षण लिहिलेलं आहे!”

“ते वाचलंय मी. त्यात शोणाला तुम्ही कर्णाचा मुलगा केलंय. तो भाऊ आहे त्याचा.”

यावर मामलेदारसाहेबांनी घड्याळाकडे पाहून चहा मागविला, आणि आपल्या धाकट्या चिरंजिवांनीही पुण्यास जाऊन नेमके सांगवीकरासारखेच वर्तन केले असताना त्यांची कादंबरी छापण्यास एकही प्रकाशक पुढे कसा आला नाही, अशी पृच्छा ‘कोसला’च्या पक्षाला केली. तिचे उत्तर मिळाले नाही.

दोन्ही पक्षांचे आवेश पाहून आम्ही खाली उतरलो आणि प्रत्यक्ष मुद्देमालच तपासला. वाचनालयातील ‘कोसला’च्या प्रतीची कड बाजूने पाहिली असता आरंभीची चाळीसेक पाने बोटांच्या मळाने काळवंडलेली, तेथून पुढे करडी, आणि नंतर शुभ्र अशी दिसते. कोणी चिकित्सक वाचकाने प्रत्येक ‘वगैरे’पुढे समासात पेन्सिलीने रेघ ओढण्याचे व्रत घेतले होते; ते थोड्याच पानांत सुटलेले आहे. त्या रेघांखाली निळ्या शाईत दुसऱ्याचा शेरा : “तुम्हाला कळणार नाही.” त्याखाली हिरव्या शाईत तिसऱ्याचा : “ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये.” शेजारच्या फळीवर देणगीदाखल आलेल्या ‘मृत्युंजय’च्या प्रती आहेत. त्यांपैकी बहुतेकींच्या पहिल्या कोऱ्या पानावर चि. आणि चि. सौ. कां. यांस मामा-मामींकडून अनेक उत्तम आशीर्वाद आहेत, आणि त्या पानानंतर पुस्तकाची शिवण कोठेही सैल झालेली नाही. भिंतीएवढ्या जाडीच्या या ग्रंथात नवविवाहितांनी आरंभी तोंड खुपसू नये हे समजण्याजोगे आहे. परंतु त्या आशीर्वादांखालील तारखा पाहता आता त्यांची नातवंडे वाचती झाली असली पाहिजेत.

आमचे स्वतःचे मत विचारले तर ते आम्ही देतो. ‘मृत्युंजय’मध्ये अलंकार इतके आहेत की कर्णाला मूळची कवचकुंडले गेल्याचे दुःख व्हावयाचे कारण नव्हते; तरीही खेडोपाडीच्या कित्येक घरांत पोथ्यांपलीकडचे पहिले जाडजूड पुस्तक म्हणून तीच पोचली आहे, आणि ज्या माणसाने आयुष्यात एकच कादंबरी वाचली त्याची ती कादंबरी हिणविण्यात कसली रसिकता, हे आम्हांस उमजत नाही. उलटपक्षी, धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूची पाने ज्याने वाचली असतील तो ‘कोसला’ला चूष म्हणण्यास धजणार नाही. परंतु ती पाने शुभ्र भागात येतात. नेमाड्यांचा गौरव करण्याचे अकादमीच्या मनात आले तेव्हाही तिने १९९० साली ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथाची निवड केली. कादंबरीवर भांडणाऱ्या महाराष्ट्राला ही निवड शोभून दिसली.

मंडळातील तरुण सभासदांची तऱ्हा निराळी. त्यांना वरील सर्वच कादंबऱ्या ‘ओव्हररेटेड’ वाटतात, आणि हल्ली ते पुस्तके भ्रमणध्वनीवरून कानात घालून ऐकतात. ऐकणे हे वाचणे होय काय, या प्रश्नावर अर्धा तास खल झाला, आणि ज्येष्ठांनी एकमुखाने नकार दिला. ज्ञानेश्वरी प्रथम सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली, आणि पुढे शतकानुशतके देवळाच्या ओट्यावर चातुर्मासात एकाने पोथी वाचावी व साऱ्या गावाने ऐकावी असाच मराठी मुलखाचा वाचनक्रम होता, याची आठवण कोणी तरी करून दिली. तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, “ती गोष्ट वेगळी, तेव्हा मांडी घालून बसावं लागे.”

वर्गणीदारांच्या नोंदवहीला मात्र या वादांचा गंधही नाही. तिच्यातील जुन्या नोंदी चाळल्या तर गावातील वकील, वैद्य, मास्तर आणि साक्षात मंडळाचे काही संस्थापक यांच्या नावांपुढे ज्या लेखकाचे नाव पुनःपुन्हा येते ते बाबूराव अर्नाळकरांचे. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या या गृहस्थांच्या झुंजारने आणि काळापहाडने मराठी माणसाला जितक्या रात्री जागविले तितक्या दुसऱ्या कोणी जागविल्या नसतील. त्यांच्या प्रतींना तीन-तीन वेळा बांधणी करावी लागली, तरी त्या कादंबऱ्यांवर वरच्या मजल्यावर एकही फिर्याद दाखल झालेली नाही. डोक्यावर कधी घेतलीच नाही, चादरीखाली घेतली, त्या वस्तूची कीर्ती अवास्तव ठरविण्याचा प्रश्न उद्भवत नसावा.

शेवटी, चहानंतर, काहीतरी एकमताने ठरावे या हेतूने मामलेदारसाहेबांनी उलट प्रश्न टाकला : जिच्या वाट्याला हक्काची कीर्ती आली नाही अशी कादंबरी कोणती? क्षणाचाही विलंब न लावता सर्व पक्षांनी विश्राम बेडेकरांच्या १९३९ सालच्या ‘रणांगण’चे नाव घेतले. युद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, तिच्यावरील परागंदा ज्यू उतारू, चक्रधर आणि हॅर्टा यांचे ते काही दिवसांचे प्रेम, यांवर जो तो भरभरून बोलला. प्राध्यापकांना तर गहिवरून आले. पुस्तक लहान आहे, ही गोष्ट या एकमताला साह्यभूत झाली असावी. ‘रणांगण’वर पुढील बैठकीत चर्चा करावी व तोवर प्रत्येकाने ती पुन्हा वाचून यावी असा ठराव मंजूर झाला. तो ऐकून बाई उठल्या व सर्वांच्या आधी जिना उतरून खिडकीशी गेल्या.

ग्रंथपालाने नोंदवही उघडून दाखविली. ‘रणांगण’ची एकुलती एक प्रत गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवापूर्वी बाहेर गेली आहे, नेणाऱ्याची सही लागत नाही, आणि ती परत न आल्याबद्दल आजतागायत एकाही सभासदाची तक्रार नाही. ज्या वाचकाकडे ती असेल त्याने ती कृपया आणून द्यावी. दंड माफ आहे. मत विचारले जाणार नाही.