किल्ली घ्या, हक्क सोडू नका

नव्या फ्लॅटचा ताबा घ्यायला गेलात की किल्लीच्या शेजारी एक कागद ठेवलेला असतो. ताब्याला झालेल्या विलंबाबद्दल तक्रार नाही, व्याज मागणार नाही, भरपाई मागणार नाही, असा मजकूर आधीच टाइप केलेला. ऑफिसातला पोरगा पेन पुढे करतो आणि सांगतो, "फक्त फॉर्मॅलिटी आहे काका, सगळ्यांनी केलीय सही." दोन-तीन वर्षं घरभाडं आणि कर्जाचा हप्ता एकाच पगारातून काढलेला माणूस त्या क्षणी भांडायच्या मनःस्थितीत नसतो. तो सही करतो, आणि त्या एका सहीत लाखांवर पाणी सोडतो.

ही सही करू नका, हे सांगायलाच आजचं सदर आहे.

बंगळूरच्या एका गृहप्रकल्पातले ३३९ ग्राहक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. ताबा दोन ते चार वर्षं लांबला होता. करारात उशिराची भरपाई लिहिली होती, चौरस फुटाला महिन्याला ५ रुपये. म्हणजे १२०० फुटांच्या घराला महिना ६ हजार. तेवढ्यात कुठल्या मोठ्या शहरात १२०० फुटांचं घर भाड्याने मिळतं? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्यांची तक्रार फेटाळली. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि त्या ५ रुपयांशिवाय भरलेल्या रकमेवर ६ टक्के व्याज द्यायला लावलं. ताबा हवा असेल तर भरपाई विसरा, असा पेच ग्राहकावर टाकता येणार नाही, हेही बजावलं. मात्र ज्यांनी आधीच तडजोडीचे करार करून दिले होते, ते या भरपाईतून वगळले गेले. ही शेवटची गोष्ट घराघरांत पोचायला हवी.

त्या ५ रुपयांमागे बिल्डरचे वकील करार कायद्याचं कलम ७४ उभं करतात. कायदा १८७२ चा आहे. करारात भरपाईचा आकडा लिहिला असेल, तर त्या आकड्याच्या आतच वाजवी भरपाई मिळते, असं ते कलम सांगतं. आकडा लिहिलेला नसेल तर कलम ७३. करार मोडल्यामुळे सहज होणारं किंवा करार करतानाच दोघांना ठाऊक असलेलं नुकसान भरून मिळतं, लांबून ओढून आणलेलं मिळत नाही. म्हणून अमुक तारखेला भाड्याचं घर सोडायचं आहे, अमुक दिवसापासून मुलाची शाळा नव्या भागात आहे, हे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवून ठेवा. तोंडी सांगितलेलं पुढे कोणालाच आठवत नाही.

करार दोन तुल्यबळ माणसांत झाला, असं धरून हा जुना कायदा चालतो. फ्लॅटचा छापील करारनामा तसा नसतो. त्यातलं एक वाक्य बदलून द्या म्हटलं तर बुकिंगच रद्द करा म्हणतात. गुरुग्रामच्या एका प्रकरणात ग्राहकाचा हप्ता चुकला तर १८ टक्के व्याज होतं, आणि बिल्डर चुकला तर परताव्यावर ९ टक्के, तेही महिनोन् महिने थांबून. अशी एकतर्फी कलमं म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि ती ग्राहकावर बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं.

बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा त्याच्याही पुढे जातो. करारातली ताब्याची तारीख टळली की कलम १८ लागू होतं. घर नको असेल तर सगळे पैसे व्याजासह परत. हा परतावा मागण्याचा हक्क बिनशर्त आहे, हे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. घर हवंच असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर या कर्जदरापेक्षा २ टक्के जास्त, आणि दोन्ही बाजूंना सारखाच.

जुनं घर घेणाऱ्यांचं दुखणं वेगळं. इसार दिला, भाव चढले, आणि मालक म्हणतो, तुमचा इसार परत न्या. तो मुकाट्याने परत घ्यायची सक्ती नाही. करार पुरा करून द्या, असा दावा लावता येतो आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर असा हुकूम देणं आता पूर्वीसारखं न्यायाधीशांच्या मर्जीवर राहिलेलं नाही. पण उरलेले पैसे द्यायची तुमची तयारी सतत होती हे दाखवावं लागतं, म्हणून कर्जमंजुरीचं पत्र आणि बँकेचे उतारे जपा. मुदत ३ वर्षांची.

आता जिथे खरी पिळवणूक होते तिथे येतो. महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, भरपाईचा आदेश हातात पडतो, पेढे वाटले जातात, आणि पैसे येत नाहीत. बिल्डरने रक्कम दिली नाही तर वसुली वॉरंट निघतं, जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदारांकडे. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ती रक्कम वसूल करायची असते, जप्ती आणि लिलावाचे अधिकार त्यांच्याकडे आहेत. तरीही वॉरंट फायलीत पडून राहतं, कारण निवडणूक, पंचनामे, दाखले यांच्या रांगेत ते शेवटी उभं असतं. हे मला मान्य नाही. जिंकलेल्या माणसाला पुन्हा अर्जदार बनवणं हा अन्याय आहे. मोठ्या जिल्ह्यांत या वसुलीसाठी दुसरं कुठलंच काम नसलेला तहसीलदार हवा आणि प्रत्येक वॉरंटवर निकाली काढायची तारीख हवी.

ते होईपर्यंत घरी बसू नका. बिल्डरचे न विकलेले फ्लॅट, त्याच्या इतर जमिनींचे सातबारे, प्रॉपर्टी कार्ड, सगळं गोळा करून वॉरंटच्या क्रमांकासह तहसील कार्यालयात द्या. सोसायटीतल्या चार जणांना बरोबर न्या. आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.