चार गुणांचे वडील

दिलीप चित्र्यांची 'फादर रिटर्निंग होम' ही इंग्रजी कविता आपल्या बोर्डाच्या बारावीच्या युवकभारतीत आहे. संध्याकाळच्या लोकलनं परतणारा थकलेला बाप, पाणीदार चहा, शिळी पोळी, त्याच्याशी धड न बोलणारी मुलं. रात्री रेडिओच्या खरखरीत त्याला झोप लागते. यमक नाही, उपदेश नाही. 'सेज तुका' लिहून तुकोबांना इंग्रजीत नेणाऱ्या माणसाची ही कविता आमच्या डोंबिवलीत कळायला डिक्शनरी लागू नये.

डिक्शनरी लागत नाहीच. गाईड लागतं.

शेजारची मुलगी बारावीला आहे. परवा तिच्याकडे बसलो होतो. म्हणाली, "काका, ही स्कोअरिंग आहे." अ‍ॅप्रिसिएशनला ४ गुण. त्याचे मुद्दे ठरलेले: कवी आणि शीर्षक, थीम, पोएटिक डिव्हायसेस, प्रेरणादायी संदेश आणि मूल्यं, वर स्वतःचं मत.

तो 'प्रेरणादायी संदेश' काही माझ्या घशाखाली उतरेना. शिळी पोळी खाणाऱ्या बापाकडून पोरांनी कसली प्रेरणा घ्यायची? पोळी ताजी खावी? गाईडात उत्तर तयार होतं: थोरामोठ्यांचा मान राखावा. चित्रे असलं काही म्हणत नाहीत. ते बाप दाखवतात आणि बाजूला होतात. पण बाजूला होण्याला गुण कुठल्या मुद्द्यात द्यायचे?

'स्वतःचं मत' तर क्लासच्या सरांनी दिवाळीआधीच लिहून दिलंय. साठ जणांच्या बॅचला एकच. कविता हृदयाला भिडली म्हणे. साठही हृदयांना, स्वल्पविरामासकट.

गाडीतून उतरणाऱ्या त्या बापासाठी कवितेत एक उपमा आहे. वाचता वाचता मी तिथं अडलो, पुन्हा मागं गेलो. मुलगीही तिथं थांबलेली दिसली. ओळीवर हिरवा हायलायटर, समासात 'सिमिली'.

"काय वाटलं गं तुला ही वाचून?"

"वाटलेलं नाही विचारत, काका. नाव विचारतात."

पेपर तपासणाऱ्या एका स्नेह्यांना हे सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "स्वतःचं लिहिलेलं उत्तर दोनदा वाचावं लागतं. गठ्ठा दोनदा वाचायला वेळ कुणाला आहे? मुद्दा दिसला की टिक." माणूस खोटं बोलत नव्हता. लाखो पेपर आणि दिवस मोजके, तिथं टिकच न्याय करते. तरी माझा एक आगाऊ प्रश्न: त्या घरातली मुलं बापाशी बोलत का नसतील? चार ओळींत लिहा. याचं आदर्श उत्तर छापता येणार नाही, म्हणून हा पेपरात येणारही नाही.

परवा मुलीकडे बसलो होतो, तेव्हाच सव्वाआठच्या स्लो लोकलनं तिचे वडील आले. सॅक उतरवली, चहाचा कप घेऊन कॉटच्या कडेला टेकले. मुलगी मान खाली घालून पुटपुटत होती.

"कुठली कविता?" त्यांनी विचारलं.

"बाबा, डिस्टर्ब नका ना करू. थीम पाठ करतेय. एलिअनेशन."

"म्हणजे काय?"

"तसंच लिहायचं असतं."

वडील क्षणभर गप्प. मग कपातली साय बोटानं बाजूला सारत म्हणाले, "स्पेलिंग नीट बघ हं. एक एल की दोन?"