घर्षणाचा अंमल

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, जेथे चार मायक्रॉनांनी जाड निघालेला दट्ट्या कसलीही दयामाया न दाखवता भंगारात रवाना होतो, तेथे मोजमापाच्या खात्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या काकांनी, जिच्या गिअरच्या दांडीला एकही खाच नाही अशी जुनी परदेशी सायकल हौसेने खरेदी करावी, हा दैवाने केलेला उघड उपहास होय. आकुर्डीला बनणाऱ्या जुन्या चेतक स्कूटरच्या डाव्या मुठीवर निदान आकडे तरी असत. येथे आकडा नाही, ‘टक्’ असा आवाज नाही, दांडी सोडाल तेथे थांबते, आणि ती योग्य जागी थांबली की नाही याचा निवाडा सर्वस्वी स्वाराच्या कानांवर सोपवलेला असतो. साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या डिरेल्युअर नामक यंत्रणेस टूर द फ्रान्सने 1937 साली परवानगी दिली, तेव्हापासून 1984 साली शिमानो कंपनीने खाचांची पद्धत अमलात आणीपर्यंत, शर्यतीतल्या वीरांनी आल्प्सचे घाट बहुतांशी या श्रवणभक्तीवरच ओलांडले, ही माहिती मी काकांना पुरवली; त्यांनी “टॉलरन्स किती?” एवढेच विचारले.

वस्तुतः या यंत्राचे राज्यशास्त्र सोपे आहे. मागच्या डिरेल्युअरची स्प्रिंग साखळीला अहोरात्र लहान चकतीकडे खेचत असते, आणि तिच्या या बंडाळीचा बंदोबस्त दांडीच्या बुडाशी दाबून बसवलेल्या वायसरांचे घर्षण करते. बाजूचा स्क्रू ढिला राहिला तर ऐन चढावर, पेडलवर सगळा भार पडला असताना, साखळी परस्पर खाली उतरते, आणि फाजील आवळला तर अंगठ्याची सालटी निघतात. म्हणून तो स्प्रिंगला पुरून उरेल इतकाच आवळावा. मोठ्या चकतीवर जाताना पाय फिरते पण हलके ठेवून दांडी हवी त्याहून किंचित अधिक ओढावी, आणि खरखर थांबेतो परत सोडावी.

काकांनी मात्र व्हर्नियर काढून दांडीभोवती पांढऱ्या रेघा आखल्या व त्यांचा तक्ता कपाटावर डकवला. पुढे दांडीपासून डिरेल्युअरपर्यंत जाणारी तार ताणली गेली आणि सबंध तक्ता रद्दबातल झाला. मग प्रकरण कानांकडे वर्ग करण्यात आले. परंतु मोशीच्या रस्त्याने चाकणकडे धावणाऱ्या कंटेनरांच्या कर्ण्यांत साखळीची कुरकुर ऐकू येणे ब्रह्मदेवालाही अशक्य. सबब काका आता गुरुवारी, एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी साधून, बंद कारखान्यांच्या गल्ल्यांतून मान तिरकी करून सायकल हाकतात, आणि फाटकांवरचे पहारेकरी त्यांच्याकडे संशयाने पाहतात.

वाचकहो, अशी एखादी सायकल आपल्याकडे धूळ खात पडली असेल तर ती घेऊन अवश्य यावे. मात्र गुरुवारीच यावे, आणि कोणी कितीही प्रेमाने आग्रह केला तरी त्या वायसरांना तेल पाजू नये.