केळी, कोकेन आणि दोन दवाखाने

आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे हल्ली ज्येष्ठमध मागितला की तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग बरणीकडे. "काका, खोकलाच आहे ना?" त्याचं चुकत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये न्हावाशेवा बंदरात अफगाणिस्तानचा ज्येष्ठमध आला, त्यात १९१ किलो हेरॉईन निघालं. सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा ज्येष्ठमध. या वेळी हेरॉईन काड्यांनाच चोपडलेलं, सगळा मिळून २२ टनांचा ऐवज. मधल्या काळात मुंद्रा बंदरात टाल्कचे दगड उतरले होते, त्यांच्यासोबत २,९८८ किलो हेरॉईन. मग २०२२ च्याच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेची फळं आली : वाशीत संत्र्यांच्या ट्रकमध्ये १९८ किलो मेथ, न्हावाशेव्याला पेअर आणि सफरचंदांच्या कंटेनरमध्ये ५० किलो कोकेन. आणि २०२४ मध्ये पुण्यात विश्रांतवाडीला मिठाच्या नावाखाली मेफेड्रोन. खोकल्याचं औषध, पावडर, फळं, मीठ. महिन्याचं वाणसामान जवळपास भरलं, हळद तेवढी राहिली. सांगलीकरांनी जपून असावं, कारण त्या मिठाची एक शाखा कुपवाडलाही सापडली होती.

अशा बातमीत मालाच्या आधी किंमत येते. आपल्याकडे हा बहुधा एकमेव धंदा असेल, ज्याचा भाव विकणारा सांगत नाही, घेणारा सांगत नाही, पकडणारा सांगतो. मुंद्र्याचं हेरॉईन २१,००० कोटींचं होतं. म्हणजे किलोमागे सात कोटी. वर्षभराने न्हावाशेव्याच्या ज्येष्ठमधातलं ३४५ किलो निघालं १,७२५ कोटींचं. म्हणजे किलोला पाच. वर्षात किलोमागे दोन कोटी उतरले! बाजारात मंदी आली म्हणावं तर तसंही काही ऐकलं नाही. एकच गोष्ट बदलली होती, पकडणारं खातं. मुंद्र्याला केंद्राचं महसूल गुप्तचर खातं, म्हणजे डीआरआय, होतं; न्हावाशेव्याला दिल्ली पोलीस. मुंबई आणि जळगावच्या सोन्याच्या भावात एवढी तफावत कधी पडली नाही.

या आकड्याला 'आंतरराष्ट्रीय बाजारातील किंमत' म्हणतात. गल्लीतल्या शेवटच्या पुडीचा भाव घ्यायचा आणि त्याला गोदामातल्या टनांनी गुणायचं. लासलगावच्या कांद्याला हीच रीत लावून, पंचतारांकित हॉटेलातल्या कोशिंबिरीवरून भाव काढला, तर कर्जमाफीची मागणीच उरणार नाही. पण कांद्याचा पंचनामा वेगळा आणि कोकेनचा वेगळा.

आता टनांकडून ग्रॅमकडे या. ज्याला कंटेनर परवडत नाही, तो माणसालाच वापरतो. मुंबई विमानतळावर आफ्रिकेतून किंवा ब्राझीलमधून आलेला एखादा प्रवासी पकडला जातो, विमानात तो काही खात-पीत नव्हता म्हणून. पोटात कोकेनच्या कॅप्सूल. मग न्यायालयाची परवानगी, मग जे. जे. रुग्णालय, मग केळी. डझनावारी केळी. बाहेर खुर्ची टाकून अधिकारी बसतो आणि निसर्गाच्या गतीने एकेक कॅप्सूल मोजून घेतो. स्पर्धा परीक्षेच्या क्लासवाले नोकरीचा हा भाग पोरांना सांगत नाहीत. हसून झालं असेल तर एवढंही वाचा : त्यातली एक कॅप्सूल आत फुटली तर माणूस खाटेवरच संपतो. नाही फुटली तर, माल १०० ग्रॅमच्या वर असला की, किमान दहा वर्षं. ज्याने त्या कॅप्सूल भरल्या त्याचं नाव त्या प्रवाशाला बहुतेक वेळा ठाऊकच नसतं. धंद्याची रचनाच तशी आहे. पोट एकाचं, खातं दुसऱ्याचं.

आणि हे सगळं होतं कुठे, तर जमशेटजी जीजीभॉयांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयात. जमशेटजींनी संपत्ती कमावली कापसात आणि अफूत. मुंबईहून चीनला पाच फेऱ्या केल्या, जार्डिनसारख्या अफूच्या बड्या व्यापाऱ्याशी दोस्ती आणि भागीदारी केली. अफू येई माळव्यातून, म्हणजे आपल्या शिंदे-होळकरांच्या मुलखातून. कंपनी सरकारने आधी हा माल अडवायचा प्रयत्न केला. कारण नैतिक नव्हतं, कंपनीची स्वतःची बंगाली अफू होती. अडवला तर माल कराची-दमणच्या वाटेने निघाला. तेव्हा कंपनीने हुशारी केली. बंदी सोडली आणि पेटीमागे पासाची फी लावली. फी भरली की तस्कर व्यापारी झाला. लाच आणि महसूल यांत पावतीचाच काय तो फरक.

१८३९ मध्ये चिनी सम्राटाने लिन झेशू नावाचा अधिकारी कँटनला पाठवला. खमक्या माणूस. त्याने वीस हजारांवर पेट्या जप्त केल्या, त्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांच्याही होत्या. हुमेनच्या किनाऱ्यावर खड्डे खणून पाणी, मीठ आणि चुना टाकून सगळी अफू विरघळवली आणि समुद्रात सोडली. सोडण्याआधी घाण केल्याबद्दल समुद्रदेवाची माफीही मागितली. (आपल्याकडे नदीत काय काय सोडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) त्याने किंमत जाहीर केली नाही. किंमत इंग्रजांनी लावली, तोफा घेऊन. १८४२ च्या नानकिंगच्या तहात चीनकडून नष्ट केलेल्या अफूचे साठ लाख डॉलर वसूल केले, वर हाँगकाँग घेतलं. म्हणजे जप्त माल पकडणाऱ्याच्याच गळ्यात पडला. आणि त्याच १८४२ मध्ये जमशेटजी 'सर' झाले, पहिले हिंदी 'सर'. दानशूर होते, यात शंका नाही; पुण्याच्या बंडगार्डनच्या बंधाऱ्यालाही त्यांचा पैसा आहे. पैशाला वास नसतो आणि पाण्याला तर नसतोच.

दुसरा दवाखाना पुण्यात. डेव्हिड ससून बगदादहून मुंबईला आले, त्यांच्या घराण्याने पुढे चीनच्या अफू व्यापारात भल्याभल्यांना मागे टाकलं. त्यांच्या देणगीचं ससून रुग्णालय १८६७ मध्ये उघडलं. ३० सप्टेंबर २०२३ ला त्याच रुग्णालयाच्या दारात पावणेदोन किलो मेफेड्रोन पकडलं गेलं. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे धंदा चालवणारा आरोपी आत, कैद्यांच्या वॉर्डात, उपचार घेत होता. २ ऑक्टोबरला एक्स-रेसाठी बाहेर काढला आणि तो निघून गेला. गांधीजयंती होती, त्यामुळे बळाचा वापर झाला नसावा. त्याच्याशी जोडलेला कारखाना निघाला नाशिकजवळच्या शिंदे गावात. तो नाशिक पोलिसांना नाही, पुणे पोलिसांना नाही, मुंबईच्या साकीनाका पोलिसांना सापडला. तिन्ही शहरांत रस्त्यावरचे खड्डेही बहुधा असेच दुसऱ्या शहराच्या लोकांना आधी दिसतात.

याच देशात सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस माणसांत एकालाच कधी दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळाले होते. उरलेल्या एकोणिसांनी आता आरोपी होऊन बघावं. खाट मिळण्याची शक्यता वाढते. तसं १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यात, जो गंमत म्हणजे बालदिनी लागू झाला, व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला आला तर त्याला खटल्यातून सूट द्यायची तरतूद आहे, कलम ६४ अ. कलम आहे, खाट नाही.

मेफेड्रोनची एक सोय आहे. ते शेतात उगवत नाही. त्याला अफगाणिस्तानचे डोंगर लागत नाहीत. एक केमिस्ट, एक रिअ‍ॅक्टर, काही पिंपं रसायनं आणि एमआयडीसीतली शेड पुरते. २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत तर ते कायद्याच्या यादीतच नव्हतं, पकडायचं कशाखाली हाच प्रश्न होता. २०१६ मध्ये सोलापूरजवळ चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत टनावारी इफेड्रिन, म्हणजे मेथचा कच्चा माल, सापडलं. २०२४ मध्ये दौंडजवळ कुरकुंभ, विश्रांतवाडी, कुपवाड, दिल्ली मिळून सतराशे किलोंवर मेफेड्रोन, साडेतीन हजार कोटींचं (भाव काढायची रीत पुन्हा तीच). पोलीस म्हणाले, यातला माल कुरिअरने लंडनला जात होता. इतिहासाने केवढं वर्तुळ पूर्ण केलं बघा! माळवा, मुंबई, कँटन असा रस्ता इंग्रजांनी आखून दिला होता. आता कुरकुंभ, दिल्ली, लंडन. या उद्योगाला निर्यात पुरस्कार द्यायचा तेवढा राहिला. हे कारखाने विजेवरच चालतात. घरचं विजेचं बिल थकलं की महावितरणचा माणूस शिडी घेऊन दारात हजर असतो. आजारी कारखान्याचा मीटर मध्यरात्री का धावतो, हे त्याला विचारायला कुणी सांगितलेलं दिसत नाही. रसायनांची पिंपं कुणी घेतली, कशासाठी घेतली, याच्या वह्या असतात. त्या वाचायला श्वानपथक लागत नाही, कारकून लागतो.

न्हावाशेव्याला २०२३-२४ या वर्षात, वीस फुटी मापाने, ६४ लाखांवर कंटेनरांची उलाढाल झाली. प्रत्येक पेटी उघडायची म्हटली तर कांदा दुबईला पोचेपर्यंत कोंब येऊन त्याची पात होईल. तेव्हा पेटीपेक्षा कागद बघावा लागतो : मागवणारा कोण, पत्ता कुणाचा, पैसे कोणत्या खात्यातून गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाने २०११ मध्ये अंदाज काढला होता की जगातल्या गुन्हेगारीच्या पैशातला शंभरात एक रुपयाही जप्त होत नाही. आपल्या कायद्यात तस्करीच्या पैशातून घेतलेली मालमत्ता गोठवायचं प्रकरण १९८९ पासून आहे. ते फारसं कानावर येत नाही, कारण त्याचा फोटो चांगला निघत नाही. टेबलावर पुड्यांची रास, मागे ओळीने उभे साहेब, हा फोटो पहिल्या पानावर जातो. टेबलावर पासबुक मांडून मागे दहा जण उभे राहिले तर ते सहकारी पतपेढीची सर्वसाधारण सभा वाटेल.

पकडलेला माल पुढे तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या घातक कचऱ्याच्या भट्टीत जाळतात. त्या दिवशीही फोटो असतो, तोंडाला मास्क लावून. मध्यवर्ती तुरुंगही तळोज्यातच आहे. माल भट्टीत, केळी खाल्लेला तुरुंगात. ज्याचं खातं आहे, तो तळोज्याकडे फिरकत नाही.